साडेएक किलो साखर आणि शंभर टक्के कव्हरेज

एका किराणा दुकानाच्या बिलिंगसाठी मध्यंतरी मी एक छोटी पायथॉन लायब्ररी लिहिली. काम एवढंच: आकडा द्यायचा, मराठी शब्द परत घ्यायचे. ३.५ दिलं की ‘साडेतीन’, ४.२५ दिलं की ‘सव्वाचार’. टेस्ट लिहिल्या (म्हणजे कोड बरोबर उत्तर देतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम), कव्हरेज रिपोर्ट काढला, त्यात १०० टक्के आले, आणि मी निवांत झालो. आठवड्याभरात दुकानातल्या काकांचा फोन. “अहो, तुमचं मशीन ‘साडेएक किलो साखर’ म्हणतंय. गिऱ्हाईक हसतंय आम्हाला.”

दीड हा शब्द माझ्या लायब्ररीला ठाऊकच नव्हता. अडीच नव्हता, पाऊणही नव्हता. आणि रिपोर्ट मात्र हिरवागार.

त्या दिवशी मला रिपोर्टचा राग आला होता. पण बिचाऱ्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. मीच त्याचं म्हणणं चुकीचं वाचलं होतं. हा रिपोर्ट तयार कसा होतो, तो नेमकं काय मोजतो आणि त्याच्या नजरेतून काय निसटतं, हे एकदा नीट पाहू.

हजेरी कशी घेतात

टेस्ट चालू असताना कोडमधली कोणती ओळ खरोखर चालली आणि कोणती चाललीच नाही, याची नोंद म्हणजे कव्हरेज. शाळेतला हजेरीपट आठवा. मुलगा वर्गात होता की नव्हता, एवढंच तो सांगतो. मुलाला काय समजलं, याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. गैरहजेरी मात्र तो पक्की सांगतो. जो वर्गात आलाच नाही, त्याने त्या दिवसाचा धडा ऐकलेला नाही, यात वाद नाही. तसंच जी ओळ एकाही टेस्टमध्ये चालली नाही, ती तपासली गेलेली नाही. लाल ओळ हा पुरावा असतो. हिरवी ओळ म्हणजे फार तर एक शक्यता.

कल्पना जुनी आहे. जोन मिलर आणि क्लिफर्ड मॅलोनी यांनी १९६३ साली ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या संगणकशास्त्राच्या मासिकात प्रोग्रॅममधल्या चुका पद्धतशीर शोधण्यावर लेख लिहिला, तिथून या विचाराची सुरुवात मानतात. तेव्हा कार्डांवर प्रोग्रॅम लिहीत. आज आपल्याकडे रंगीत वेबपानं आहेत. प्रश्न तोच राहिला आहे: या वाटेने कोणी गेलं होतं का?

हजेरी घेण्याच्या पद्धती मात्र भाषेगणिक बदलतात. पायथॉनमध्ये ‘कव्हरेज.पाय’ हे साधन इंटरप्रिटरलाच, म्हणजे कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅमलाच, सांगून ठेवतं की प्रत्येक ओळ चालवताना मला हाक मार. (गॅरेथ रीस यांनी ते २००१ मध्ये लिहिलं आणि २००४ पासून नेड बॅचेल्डर सांभाळत आहेत.) ओळीगणिक हाक म्हणजे टेस्ट रेंगाळणार, हे ओघानेच आलं. पायथॉन ३.१२ मध्ये यासाठी हलकी यंत्रणा आली: एकदा ओळीची नोंद झाली की त्या ओळीपुरती हाक बंद करता येते. गो भाषेत वेगळी तऱ्हा आहे. तिथे कंपाइल करण्याआधी (म्हणजे कोड मशीनच्या भाषेत उतरवण्याआधी) तुमच्या सोर्सचीच एक प्रत काढून तिच्यात जागोजागी मोजणीच्या ओळी घुसवतात. जावामध्ये जॅकोको हे साधन क्लास लोड होताना बाइटकोडमध्ये, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडमध्ये, खुणा पेरतं. सी आणि सी++ मध्ये हे काम कंपायलर करतो. त्याच्याकडे नंतर वळू, कारण सगळ्यांत जास्त घोळ तिथेच होतात.

आठ ओळींचं फंक्शन

माझं मूळ फंक्शन असं होतं. पायथॉनचे शब्द इंग्रजी असतात, इथे वाचायला सोपं जावं म्हणून मराठीत मांडतो. ‘पूर्ण’ म्हणजे पूर्णांक आणि ‘पाव’ म्हणजे उरलेले पाव किती: ०, १, २ किंवा ३. ‘नाव’ हे एक, दोन, तीन अशा शब्दांचं कोष्टक वेगळ्या फाइलीत आहे.

```
१  फंक्शन शब्दांत(पूर्ण, पाव):
२      जर पाव == ०:
३          परत नाव[पूर्ण]
४      जर पाव == १:
५          परत "सव्वा" + नाव[पूर्ण]
६      जर पाव == २:
७          परत "साडे" + नाव[पूर्ण]
८      परत "पावणे" + नाव[पूर्ण + १]
```

पहिल्या दिवशी टेस्ट तीन होत्या. (३, ०) दिलं तर ‘तीन’ यायला हवं, (४, १) दिलं तर ‘सव्वाचार’, (३, २) दिलं तर ‘साडेतीन’. रिपोर्ट काढायला तीन पायऱ्या. आधी टेस्ट नेहमीप्रमाणे न चालवता ‘कव्हरेज रन’च्या हाताखाली चालवायच्या, त्यातून हजेरीची एक फाइल तयार होते. मग ‘कव्हरेज रिपोर्ट’ म्हटलं की टर्मिनलवर कोष्टक येतं. आणि ‘कव्हरेज एचटीएमएल’ म्हटलं की एक फोल्डर तयार होतो, त्यातलं पहिलं पान ब्राउझरमध्ये उघडायचं. टेस्ट चालवायला पायटेस्ट हे साधन वापरत असाल तर त्याच्या जोडीच्या प्लगइनने हे सगळं एकाच कमांडमध्ये उरकतं.

टर्मिनलवर साधारण असं दिसलं:

```
फाइल       ओळी   सुटल्या   कव्हरेज   सुटलेल्या ओळी
शब्दांत       ८       १        ८८%       ८
```

आठपैकी सात, म्हणजे साडेसत्याऐंशी. साधनाने तो आकडा पूर्ण करून ८८ केला. एचटीएमएल पानावर आठवी ओळ लाल. खरं सांगायचं तर टक्केवारीपेक्षा ते शेवटचं ‘८’ कामाचं आहे, कारण बोट कुठे ठेवायचं ते तोच आकडा सांगतो. मी (५, ३) ची टेस्ट टाकली, ‘पावणेसहा’ आलं, लाल ओळ हिरवी झाली, १०० टक्के. आणि मी चहाला गेलो.

एक बारकावा इथेच सांगून टाकतो. पहिली ओळ, जिथे फंक्शनचं नाव आहे, ती फाइल इम्पोर्ट होताक्षणी हिरवी होते. पायथॉनच्या लेखी फंक्शन ‘घडवणं’ हीसुद्धा चालवायची ओळ आहे. म्हणजे एकही टेस्ट न लिहिता फक्त इम्पोर्ट केलं तरी रिपोर्टात शून्य दिसत नाही. शेकडो छोट्या फंक्शनांची लायब्ररी असेल तर फुकटात मिळालेले हे टक्के बरेच भरतात.

रिपोर्ट निघाला, पण कशाचा?

पहिल्यांदा रिपोर्ट काढणारा हमखास तीन खड्ड्यांत पडतो. मी तिन्हींत पडलो आहे.

पहिला खड्डा: टेस्ट सगळ्या पास आणि कव्हरेज शून्य. माणूस चक्रावतो. बहुतेक वेळा झालेलं असं असतं की मशीनवर तीच लायब्ररी आधी इन्स्टॉल करून ठेवलेली असते, टेस्ट ती इन्स्टॉल केलेली प्रत उचलतात आणि हजेरी मात्र प्रोजेक्टच्या फोल्डरमधल्या फाइलींची चाललेली असते. मुलं एका वर्गात बसलेली, मास्तर हजेरी दुसऱ्या वर्गात घेतायत. लायब्ररी एडिटेबल पद्धतीने (वेगळी प्रत न काढता, प्रोजेक्टच्याच फोल्डरकडे बोट दाखवून) इन्स्टॉल केली की दोन्ही फाइली एकच होतात आणि प्रश्न मिटतो.

दुसरा याच्या अगदी उलट, आणि जास्त घातक: कव्हरेज भलतंच चांगलं येतं. सेटिंगमध्ये सोर्स कुठला ते सांगितलं नाही, तर कव्हरेज.पाय फक्त त्या फाइली मोजतं ज्या टेस्ट चालताना लोड झाल्या. जिला कोणी हातच लावला नाही ती फाइल यादीतच येत नाही, तर तिचे शून्य टक्के कुठून दिसणार? एका जुन्या नोकरीत आम्ही महिनोन्‌महिने ९७ टक्के मिरवत होतो. सोर्सची एक ओळ सेटिंगमध्ये टाकल्यावर आकडा साठीत आला. कोड तोच, टेस्ट त्याच. ज्यांची नावंच पटावर नव्हती ती पोरं पटावर आली, इतकंच.

तिसरा खड्डा किरकोळ आहे: टेस्टच्या फाइलीही मोजणीत धरल्या जातात. टेस्टचा कोड तर जवळजवळ सगळाच चालतो, त्यामुळे सरासरी फुगते. टेस्टच्या फाइलींत जी ओळ चालत नाही तिथे सहसा काहीतरी गडबड असते, म्हणून त्या वेगळ्या मोजून पाहाव्यात. लायब्ररीच्या आकड्यात मिसळू नयेत.

लायब्ररी अनेक ठिकाणी चालणार असेल तर आणखी एक गोष्ट. विंडोजसाठी लिहिलेल्या चार ओळी लिनक्सवर कधीच चालणार नाहीत, तिथे त्या लालच दिसणार. अशा वेळी प्रत्येक मशीनवर वेगळी हजेरी घेऊन शेवटी ‘कव्हरेज कम्बाइन’ने सगळे पट एकत्र शिवायचे. मशीनमशीनवर फोल्डरचे पत्ते वेगळे असतात, तेव्हा कोणता पत्ता कोणत्या पत्त्याशी जुळतो हे सेटिंगमध्ये लिहून द्यावं लागतं. नाही दिलं तर एकच फाइल दोन नावांनी दोनदा उभी राहते.

ओळ चालली, वाट राहिली

आता थोडं खोलात. हे तीन ओळींचं फंक्शन बघा, उधारीचा आकडा शब्दांत लिहिणारं:

```
१  जर रक्कम < ०:
२      आधी = "उणे "
३  परत आधी + शब्द(रक्कम)
```

टेस्ट एकच: रक्कम उणे पाच. पहिली ओळ चालली, दुसरी चालली, तिसरी चालली. कव्हरेज १०० टक्के. आता साधे अधिक पाच देऊन बघा. अट खोटी ठरते, दुसरी ओळ गाळली जाते, ‘आधी’ला किंमत मिळतच नाही आणि तिसऱ्या ओळीवर प्रोग्रॅम कोसळतो. म्हणजे सगळ्या ओळी हिरव्या असूनही सगळ्यात साध्या इनपुटला लायब्ररी मान टाकते.

यासाठी ब्रँच कव्हरेज. यात ओळींबरोबर फाट्यांचीही हजेरी घेतात: ‘जर’पासून दोन रस्ते फुटतात, त्यांतल्या दोन्हींवर कोणी गेलं का? वरच्या उदाहरणात पहिली ओळ आता पिवळी होईल आणि शेजारी ‘१ -> ३’ असं लिहून येईल, म्हणजे पहिलीवरून थेट तिसरीवर कोणी उडी मारली नाही. कव्हरेज.पायमध्ये हे आपणहून होत नाही, ‘ब्रँच’ चालू करावं लागतं. आणि चालू केल्या दिवशी आकडा खाली येतो, मग टीममध्ये कोणीतरी म्हणतं, “आधीचंच बरं होतं.” माझं मत विचाराल तर लायब्ररीसाठी ब्रँच कव्हरेज पहिल्या दिवसापासून चालू असावं. नंतर चालू करणं म्हणजे उशिरा चष्मा लावणं. घरातली धूळ एकदम दिसते.

सी मधली तऱ्हा, आणि दीड लाख ओळी

सी भाषेत जीसीसी कंपायलरबरोबर जीकव्ह नावाचं साधन येतं. कंपाइल करताना ‘कव्हरेज’चा फ्लॅग द्यायचा. मग कंपायलर प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलबरोबर ‘जीसीएनओ’ फाइल बनवतो, तो कोडचा नकाशा. टेस्ट चालवली की ‘जीसीडीए’ फाइल तयार होते, ती प्रत्यक्ष मोजणी. नकाशा आणि मोजणी जुळवून जीकव्ह प्रत्येक ओळीपुढे ती किती वेळा चालली ते लिहितं. जी कधीच चालली नाही तिच्यापुढे पाच हॅश. एलकव्ह हे सगळं गोळा करतं आणि त्याचाच सोबती जेनएचटीएमएल त्याची वेबपानं बनवतो. त्याचे रंग ठरलेले: ९० टक्के किंवा वर हिरवा, ७५ ते ९० पिवळा, त्याखाली लाल. हे आकडे कोणत्या शास्त्रात लिहिलेले नाहीत; ते फक्त सुरुवातीचं सेटिंग आहे, बदलता येतं.

घोळ कुठे होतात? एक तर मोजणीची फाइल प्रोग्रॅम नीट संपला तरच लिहिली जाते. टेस्ट मध्येच क्रॅश झाली तर तोवरची सगळी हजेरी हवेत. दुसरं, मोजणी साठत जाते: कालच्या धावेचे आकडे आजच्यात मिसळतात, म्हणून आधी पाटी कोरी करायची. तिसरं, ऑप्टिमायझेशन (कोड वेगाने चालावा म्हणून कंपायलर करतो ती काटछाट) चालू असेल तर कंपायलर ओळी एकमेकींत विरघळवून टाकतो आणि रिपोर्टात ‘ही ओळ चाललीच नाही, पण तिच्या पुढची शंभर वेळा चालली’ असले चमत्कार दिसतात. रिपोर्टसाठी वेगळा, ऑप्टिमायझेशन बंद केलेला बिल्ड (कंपाइल करून तयार झालेला प्रोग्रॅम) करावा, हे उत्तम.

पण मग प्रश्न येतो: टेस्ट केला एक बिल्ड आणि लोकांना दिला दुसरा? याचं सगळ्यात चोख उत्तर मला एसक्यूलाइटमध्ये दिसतं. तुमच्या फोनमध्ये ही डेटाबेस लायब्ररी आहेच. साधारण दीड लाख ओळींची लायब्ररी (साडेएक लाख नव्हे!), आणि तिच्या टीमने २०२३ च्या सुमारास दिलेल्या हिशेबानुसार टेस्टचा कोड त्याच्या ५९० पट. ही मंडळी टेस्ट आधी जीकव्हच्या बिल्डवर चालवून कव्हरेज पाहतात आणि मग त्याच टेस्ट प्रत्यक्ष द्यायच्या बिल्डवर पुन्हा चालवून दोन्हींचे निकाल तेच आहेत का ते ताडून बघतात. दोन्हींत फरक निघाला तर कुठेतरी पाणी मुरतंय.

एसक्यूलाइट ब्रँच कव्हरेजवरही थांबत नाही. ‘जुना ग्राहक असेल आणि बिल हजाराच्या वर असेल तर सूट द्या’ अशी अट घ्या. ब्रँच कव्हरेजला ती अट एकदा खरी आणि एकदा खोटी ठरली की पुरतं. एमसी/डीसी नावाच्या मापाला तेवढं पुरत नाही. ते विचारतं: बिल तेच ठेवून फक्त ग्राहक बदलला तर निकाल बदलला का? आणि ग्राहक तोच ठेवून फक्त बिल बदललं तर? प्रत्येक तुकड्याने आपला प्रभाव एकट्याने दाखवायला हवा. हे माप विमानांच्या सॉफ्टवेअरमधून आलं आहे. डीओ-१७८बी या १९९२ च्या मानकात ज्या सॉफ्टवेअरच्या बिघाडाने विमान पडू शकतं त्याला ते सक्तीचं केलं. एसक्यूलाइटच्या गाभ्याला हे माप १०० टक्के लागू आहे. अशी शर्यत प्रत्येकाने पळावी असं मी म्हणणार नाही, किराणा दुकानाच्या बिलासाठी तर नक्कीच नाही.

त्यांच्याकडून उचलण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. कुठल्याही लायब्ररीचा रिपोर्ट उघडा, लाल ओळींपैकी बऱ्याचशा चूक हाताळणाऱ्या निघतात: मेमरी संपली तर, डिस्क भरली तर, फाइल अर्धवट वाचली गेली तर. अशी वेळ टेस्टमध्ये आणायची कशी? एसक्यूलाइटवाले मेमरी मागणारं फंक्शनच बदलून टाकतात. पहिल्या फेरीत पहिलीच मागणी नाकारायची, दुसऱ्या फेरीत दुसरी, तिसरीत तिसरी, असं करत सगळी कामगिरी नकाराशिवाय पूर्ण होईपर्यंत. संकट आपोआप यायची वाट न बघता ते हाताने उभं करायचं. पायथॉनमध्ये हेच काम मॉकने, म्हणजे खऱ्या फंक्शनच्या जागी तोतया बसवून, दहा मिनिटांत होतं, तरी लोक त्या ओळींपुढे ‘नो कव्हर’ अशी टिप्पणी टाकून मोकळे होतात. ही टिप्पणी टाकली की ती ओळ हिशेबातूनच वगळली जाते. कधीकधी ते योग्यही असतं. पण शेजारी कारण लिहिलेलं नसेल तर मी ती टिप्पणी काढायला सांगतो.

एकाच वर्षातल्या दोन चुका

कव्हरेज काय पकडतं आणि काय नाही, हे समजून घ्यायला २०१४ साल पुरेसं आहे. त्या वर्षी दोन महिन्यांच्या आत दोन सुरक्षा लायब्रऱ्यांतल्या चुका जगजाहीर झाल्या.

फेब्रुवारीत ॲपलची. सर्व्हरची सही तपासणाऱ्या फंक्शनमध्ये ‘गोटू फेल’ (इथून थेट शेवटच्या ‘फेल’ खुणेवर जा) ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा पडली होती. पहिली अटीखाली होती, दुसरी मोकळी. त्यामुळे कोड दरवेळी तिथूनच उडी मारून शेवटाला जायचा आणि त्याखालची, खरी सही तपासणारी ओळ कधीच चालायची नाही. वर फंक्शन ‘सगळं ठीक’ असंच सांगायचं. आता हजेरीपटाच्या नजरेने बघा: ती तपासणी कुठल्याही टेस्टने, कितीही प्रयत्न केले तरी चालली नसती. त्या फाइलीचा रिपोर्ट काढून कोणी पाहिला असता, तर सगळ्यात महत्त्वाची ओळ लाल दिसली असती आणि पहिला प्रश्न आला असता, “ही का नाही चालत?”

एप्रिलमध्ये ओपनएसएसएलची हार्टब्लीड. समोरचा म्हणतो, “मी तुला इतक्या लांबीचा मजकूर पाठवतोय, तो जसाच्या तसा परत दे.” सांगितलेली लांबी आणि खरी लांबी जुळते का, हे लायब्ररी तपासतच नव्हती. चार अक्षरं पाठवून चौसष्ट हजार सांगितली की सर्व्हर आपल्या मेमरीतला शेजारचा मजकूर उचलून देत असे. त्यात पासवर्डही असू शकत, खाजगी किल्ल्याही. इथे रिपोर्ट काय सांगणार? प्रामाणिक मजकुराची एक साधी टेस्ट लिहिली तरी ती कॉपी करणारी ओळ हिरवी होते. चूक ज्या ओळीत होती ती ओळ लिहिलेलीच नव्हती. जे मूल शाळेत घातलंच नाही, त्याची गैरहजेरी कोणता मास्तर लावणार?

माझं ‘साडेएक’ हे याच दुसऱ्या जातीचं. दीडसाठी ओळच नव्हती, मग लाल काय होणार?

टक्क्यांचा फास

रिपोर्ट काढणं सोपं आहे म्हणून कंपन्या त्यावर उंबरठा ठेवतात: ८० टक्क्यांच्या खाली आलात तर बिल्ड नापास. हेतू चांगला असतो. पण शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला ७९.४ दिसलं की माणूस काय करतो ते मी पाहिलं आहे, आणि एकदा केलंही आहे. सगळी फंक्शनं एका टेस्टमध्ये एकामागोमाग बोलवायची, उत्तर काय आलं ते तपासायचंच नाही. ओळी चालल्या, हजेरी लागली, टक्का सुटला. त्या टेस्टने ‘साडेतीन’ऐवजी ‘भोपळा’ परत आला असता तरी चालवून घेतलं असतं.

वॉटर्लू विद्यापीठातल्या लॉरा इनोझेम्त्सेवा आणि रीड होम्स यांनी २०१४ मध्येच (काय वर्ष होतं ते) पाच मोठे जावा प्रोग्रॅम घेऊन ३१ हजार टेस्ट संच तपासले. संचातल्या टेस्टची संख्या सारखी ठेवली, तर जास्त कव्हरेजचा संच जास्त चुका पकडतोच असा घट्ट संबंध त्यांना आढळला नाही. याचा अर्थ रिपोर्ट फेकून द्या असा नाही. कमी कव्हरेज दिसलं तर तिथे जाऊन बघायलाच हवं. जास्त कव्हरेजवर पाठ थोपटून घेऊ नये, एवढंच.

त्यापेक्षा मला नव्या ओळींचा हिशेब आवडतो. पूर्ण लायब्ररीच्या आकड्यावरून भांडण्यापेक्षा आज जो बदल आला, त्यातल्या बदललेल्या ओळींना टेस्ट लागली का ते बघायचं. जुना पसारा तसाच राहतो, पण वाढत नाही, आणि रिव्ह्यू करणाऱ्याला ‘हिच्यासाठी टेस्ट कुठे आहे?’ हे बोट ठेवून विचारता येतं.

हिरव्या ओळी खरंच तपासल्या गेल्या का, हे पाहायचं असेल तर म्युटेशन टेस्टिंग आहे. साधन मुद्दाम तुमच्या कोडमध्ये एकेक बिघाड करतं: अधिकाचं वजा, ‘साडे’चं दुसरंच काहीतरी. आणि बघतं की कुठली टेस्ट बोंब मारते का. कोणीच ओरडलं नाही तर ती ओळ हिरवी असून बेवारस आहे. पायथॉनसाठी मटमट, जावासाठी पिट. वेळ खूप खातात, त्यामुळे रात्री लावून ठेवायची.

दुरुस्ती

काकांच्या फोननंतर मी नेहमीसारखं वागलो. एक कोष्टक लिहिलं: (०, १) म्हणजे पाव, (०, २) अर्धा, (०, ३) पाऊण, (१, १) सव्वा, (१, २) दीड, (२, २) अडीच. फंक्शनच्या सुरुवातीला दोन ओळी: जोडी कोष्टकात असेल तर तिथलाच शब्द परत. टेस्ट न लिहिता रिपोर्ट काढला, त्यातली दुसरी ओळ लाल. ‘दीड’ची एक टेस्ट टाकली. पुन्हा १०० टक्के, ब्रँचसकट.

आणि तिथेच हात थांबला. कोष्टकात सहा शब्द, पण रिपोर्टच्या लेखी तो सगळा मिळून एकच ओळ. ‘अडीच’च्या जागी मी ‘अडीज’ टाइप केलं असतं तरी रंग हिरवाच राहिला असता. लायब्ररीचं अर्धं ज्ञान ओळींत नसून अशा कोष्टकांत असतं आणि हजेरीपटाला तिथवर पोचताच येत नाही. बाकीच्या जोड्याही जरा हाताने फिरवून बघितल्या. कोणी ही लायब्ररी घड्याळासाठी वापरली तर पावणेएकच्या ठोक्याला ती ‘पावणेतेरा’ म्हणेल, हे तेव्हा लक्षात आलं. ते अजून तसंच आहे. काकांच्या दुकानात वजनं आहेत, वेळ नाही.

शेवटी शून्य ते पाच पूर्णांक आणि प्रत्येकाचे चार पाव, अशा चोवीस जोड्या कागदावर लिहिल्या आणि उत्तरं कोडला न विचारता आईला विचारली. ती एकेक सांगत गेली, मी एकेक टेस्ट टाकत गेलो. चोवीस टेस्ट झाल्यावर रिपोर्ट परत काढला. आकडा जागचा हलला नव्हता: १००.